शाळा मुलाच्या दारात : ताराबाई मोडक यांचे जीवन आणि पालघरची मुले

३१ ऑगस्ट हा ताराबाई मोडक यांचा स्मृतिदिन. १९७३ साली याच दिवशी त्या गेल्या. आपल्या विहारांमधल्या दिनदर्शिकेत ही तारीख सहसा नसते, आणि त्याची कारणेही आम्हाला माहीत आहेत. ताराबाई आंबेडकरी चळवळीतल्या नव्हत्या. त्या काँग्रेसच्या होत्या, गांधींच्या शिक्षणविचाराचा त्यांच्यावर प्रभाव होता, आणि ज्या शब्दाला बाबासाहेबांनी ठाम नकार दिला तो 'हरिजन' हा शब्द त्यांच्या भोवतालच्या कार्यकर्त्यांच्या तोंडी सर्रास होता. तरीही पालघर, बोईसर, डहाणू भागातल्या बौद्ध तरुणांनी या बाईंचे आयुष्य नीट समजून घ्यावे असे आम्हाला वाटते. त्यांनी आपल्याच जिल्ह्यात, बोर्डी आणि कोसबाड येथे एक प्रश्न हातात घेतला होता. तो प्रश्न आजही वीटभट्टीवर, कंपनीमागच्या चाळीत आणि आदिवासी पाड्यावर तसाच उभा आहे.

प्रश्न साधा आहे. शाळा आहे, मास्तर आहे, कायदा आहे, तरी मूल वर्गात का नाही?

बाबासाहेबांनी मांडलेला हिशेब

या प्रश्नाचा हिशेब बाबासाहेबांनी ताराबाईंच्या बऱ्याच आधी मांडला होता. १२ मार्च १९२७ रोजी मुंबई कायदे कौन्सिलात शिक्षणाच्या खर्चावर बोलताना त्यांनी एक आकडा सभागृहापुढे ठेवला. प्राथमिक शाळेत दाखल होणाऱ्या १०० मुलांपैकी फक्त १८ मुले चौथीपर्यंत पोचतात, उरलेली ८२ पुन्हा निरक्षरतेत जातात, असे ते म्हणाले होते. महाड चवदार तळ्याचा सत्याग्रह २० मार्चचा, म्हणजे अवघ्या आठ दिवसांनंतरचा. पाण्याचा हक्क आणि पाटीचा हक्क बाबासाहेब एकाच महिन्यात मागत होते, हे आपण लक्षात ठेवले पाहिजे.

त्याही आधी, १८८२ साली जोतीराव फुल्यांनी हंटर आयोगापुढे निवेदन देऊन सरकारला विचारले होते की शेतकऱ्यांच्या करातून जमा झालेला पैसा वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर का खर्च होतो. म्हणजे तळातल्या मुलाचे प्राथमिक शिक्षण हा आपल्या परंपरेचा जुना विषय आहे. त्या ८२ मुलांचे काय करायचे, याचे एक उत्तर ताराबाईंनी हाताने काम करून शोधले. म्हणून त्यांचे आयुष्य आपल्या कामाचे आहे.

सुधारकी घरातली मुलगी

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ चा. माहेरचे आडनाव केळकर. वडील सदाशिवराव आणि आई उमाबाई हे प्रार्थना समाजाच्या विचारांचे. घरात मुलींनी शिकावे याबद्दल दुमत नव्हते. ज्या काळात मुलीने चौथी पुस्तक वाचले तरी गावभर चर्चा व्हायची, त्या काळात, १९१४ साली ताराबाई मुंबई विद्यापीठाच्या बी.ए. झाल्या. लग्न अमरावतीचे वकील मोडक यांच्याशी झाले, पण संसार टिकला नाही. १९२१ च्या सुमारास त्या वेगळ्या झाल्या. पदरात लहान मुलगी होती. घटस्फोटित बाईला समाजात उभे राहायला जागा नव्हती, तेव्हाची ही गोष्ट आहे.

त्यांनी नोकरी धरली. राजकोटच्या बार्टन फीमेल ट्रेनिंग कॉलेजात त्या प्राचार्य झाल्या. पगार चांगला होता, मान होता. त्याच वेळी भावनगरला गिजुभाई बधेका नावाचे एक वकील वकिली सोडून लहान मुलांच्या शिक्षणात उतरले होते. १९२० साली त्यांनी दक्षिणामूर्ती संस्थेत बालमंदिर सुरू केले होते. छडी नाही, घोकंपट्टी नाही, भीती नाही, मूल स्वतःच्या हाताने करून शिकते, असा त्यांचा प्रयोग चालला होता. इटलीच्या मारिया मॉंटेसरी यांचे विचार त्यामागे होते. ताराबाईंनी राजकोटची नोकरी सोडली आणि १९२३ साली त्या भावनगरला गेल्या.

१९२६ साली गिजुभाई आणि ताराबाईंनी नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला. शिक्षण पत्रिका हे मासिक आधी गुजरातीत निघत होते, ताराबाईंनी पुढे ते मराठीतही आणले. लहान मुलाला मारू नये, त्याला घाबरवू नये, त्याचे म्हणणे ऐकावे, हे आज सगळ्यांना पटते. त्या वेळी हे लिहिणे म्हणजे घरातल्या बापाशी आणि शाळेतल्या मास्तराशी उघड भांडण होते. ते भांडण त्यांनी वर्षानुवर्षे लेखणीने केले.

दादरच्या शाळेतून पुढे

पुढे ताराबाई मुंबईला आल्या. १९३६ साली दादरला त्यांनी शिशुविहार सुरू केले. जोडीला बालशिक्षिका तयार करणारे अध्यापन मंदिर उभे केले. मध्यमवर्गीय आईबाप मुलांना हौसेने पाठवू लागले. संस्था नावारूपाला आली. एखादी बाई इथे थांबली असती तरी तिचे नाव शिक्षणाच्या इतिहासात राहिले असते.

पण शिशुविहारात येणारे मूल खाऊन, आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून येत होते. मॉंटेसरी पद्धतीची साधने महाग होती. लाकडी ठोकळे, मापाच्या पट्ट्या, रंगीत तबकड्या, सगळे विकत आणावे लागे. ज्या देशातली बहुतेक मुले खेड्यात आणि बहुतेक खेडी दारिद्र्यात, तिथे ही पद्धत किती जणांपर्यंत पोचणार? गांधींनीही नई तालीमच्या विचारात पूर्वप्राथमिक वयाचा समावेश केला तेव्हा हाच पेच समोर आला. ताराबाईंनी तो स्वतःवर घेतला. वयाच्या ५३ व्या वर्षी, जमलेली संस्था मागे ठेवून, त्या समुद्रकाठच्या बोर्डी गावात आल्या.

१९४५ : एक वर्ष, तीन कामे

बोर्डी तेव्हा ठाणे जिल्ह्यात होते, आज आपल्या पालघर जिल्ह्यात आहे. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी वेगळा झाला. ताराबाई बोर्डीला आल्या ते साल १९४५. हे वर्ष आम्ही मुद्दाम अधोरेखित करतो, कारण त्याच वर्षी आणखी दोन गोष्टी घडल्या.

८ जुलै १९४५ रोजी बाबासाहेबांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटीची स्थापना केली. पुढच्याच वर्षी सिद्धार्थ कॉलेज सुरू झाले. आपल्या माणसांनी कॉलेजात जावे, वकील व्हावे, प्राध्यापक व्हावे, निर्णयाच्या खुर्चीवर बसावे, यासाठी त्यांनी शिक्षणाची वरची पायरी बांधली.

मे १९४५ मध्ये तलासरीजवळच्या झरी गावी हजारो वारली जमले आणि जमीनदाराच्या वेठीला नकार देण्याचा निर्धार झाला. गोदावरी परुळेकर आणि शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली किसान सभेचा लढा पेटला. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी नवराबायको दोघेही जन्मभर सावकाराच्या घरी राबत, त्यांना लग्नगडी म्हणत. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये तलवाड्याला पोलिसांनी गोळीबार केला आणि जेठ्या गांगड यांच्यासह आदिवासी मारले गेले.

आणि याच मुलखात, याच वर्षी, ताराबाईंनी ग्राम बालशिक्षण केंद्र सुरू केले. वरची पायरी बाबासाहेब बांधत होते, पायाखालची बेडी वारली तोडत होते, आणि सगळ्यात खालची पायरी, अडीच-तीन वर्षांच्या मुलाची, ताराबाई बांधायला बसल्या होत्या. या तिन्ही कामांचा आपापसात फारसा संबंध आला नाही. पण ज्या मुलाला ही तिन्ही कामे मिळाली नाहीत, ते मूल आजही कुठे आहे ते आपण पाहतो.

जी मुले आली नाहीत

बोर्डीला ताराबाईंसोबत आल्या अनुताई वाघ. जन्म १७ मार्च १९१०, पुणे जिल्ह्यातील मोरगावचा. बालपणीच लग्न झाले आणि तेराव्या वर्षी वैधव्य आले. पुढे शिकल्या, शिक्षिका झाल्या. पस्तीस वर्षांच्या अनुताईंनी काही काळासाठी म्हणून हे काम घेतले आणि उरलेले सगळे आयुष्य त्यात घातले. बोर्डीचे काम एकट्या ताराबाईंचे म्हणून सांगणे अन्यायाचे होईल. विचाराची दिशा ताराबाईंची, रोजची पायपीट अनुताईंची आणि त्यांच्या सहकारी शिक्षिकांची.

गावात बालवाडी सुरू झाली. मुले आली. पण कोणती? खात्यापित्या घरची. अस्पृश्य वस्तीतली मुले आली नाहीत, दुबळा आणि वारली मुले आली नाहीत. दरवाजा सर्वांसाठी उघडा आहे एवढे म्हणून भागत नाही, हे इथे दिसले. ज्या मुलाच्या बापाला गावाच्या विहिरीवर पाणी भरता येत नाही, त्याचे मूल गावातल्या बालवाडीत निःशंक कसे येईल? साताऱ्याच्या शाळेत घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळे बसलेल्या छोट्या भीमरावाची आठवण आपल्याला इथे येतेच.

या जागी बहुतेक शिक्षणसंस्था एक सोपे वाक्य बोलतात. या लोकांना शिक्षणाची किंमतच नाही. ताराबाईंनी ते वाक्य उच्चारले नाही. मुले येत नाहीत तर आपण जायचे, असे ठरले. शिक्षिका वस्तीत जाऊ लागल्या. कुणाच्या तरी घरापुढचे अंगण झाडायचे, सडा घालायचा, मुले गोळा करायची. पहिला तास अक्षरांचा नव्हता. तोंड धुणे, नखे काढणे, केस विंचरणे, आंघोळ घालणे, खरूज-नायट्याला औषध लावणे हाच पहिला पाठ. मग गाणी, गोष्टी, खेळ. आई दारातून बघत असे. मूल घराजवळच असे. भीती वाटण्याचे कारण उरले नाही.

अंगणात भरणारी ही बालवाडी म्हणजे अंगणवाडी. आज देशभर सरकारी कागदावर असलेल्या या शब्दाचे मूळ पालघर जिल्ह्यातल्या गरिबांच्या अंगणात आहे.

शब्दाबद्दल बोलायचे तर दुसऱ्या एका शब्दाबद्दलही स्पष्ट बोलले पाहिजे. जानेवारी १९३८ मध्ये मुंबई विधानसभेत अस्पृश्यांना कायद्याने 'हरिजन' म्हणण्याचा घाट घातला गेला, तेव्हा बाबासाहेब आणि स्वतंत्र मजूर पक्षाचे सदस्य सभात्याग करून बाहेर पडले होते. सत्तेत काँग्रेस होती. ताराबाई पुढे १९४६ ते १९५१ या काळात त्याच पक्षाच्या वतीने मुंबई विधानसभेत बसल्या. हा मतभेद लहान नाही आणि तो झाकण्याची गरजही नाही. आपण कुणाची भक्ती करायला बसलेलो नाही. काम तपासायचे, उपयोगाचे ते घ्यायचे आणि न पटणारे बाजूला ठेवायचे, ही बुद्धाने कालामांना दिलेली रीत आहे.

मूल कशाने अडते?

बोर्डीच्या कामातून ताराबाईंचे लक्ष आदिवासी पाड्यांकडे वळले. १९५६-५७ च्या सुमारास केंद्र कोसबाडच्या टेकडीवर गेले. घोलवड स्टेशनपासून आत, भोवती वारल्यांचे पाडे. चिकूच्या वाड्या, गवताची कुरणे, जंगल. मजुरी तुटपुंजी, पावसाळ्यात उपासमार. शाळेत नाव घातलेले मूल चार दिवस दिसायचे आणि पाचव्या दिवशी गायब.

ताराबाईंची खरी थोरवी आम्हाला इथे दिसते. मूल का आले नाही याचा त्यांनी मुलागणिक शोध घेतला, आणि प्रत्येक कारणाला वेगळे उत्तर बांधले.

पहिले कारण पाठचे भावंड. आईबाप पहाटे कामावर गेले की सहा-सात वर्षांच्या मुलीच्या कमरेवर तान्हे बाळ येते. ती शाळेत गेली तर बाळाला कोण पाहणार? म्हणून शाळेला लागून पाळणाघर सुरू केले. ताई बाळाला घेऊन यायची, बाळ पाळण्यात, मधले भावंड बालवाडीत आणि ताई पहिलीच्या वर्गात. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणणाऱ्या या रचनेला विकासवाडी म्हटले गेले. मुलींच्या शिक्षणावर कितीही भाषणे दिली तरी तान्ह्या बाळाची सोय होत नाही तोवर ती मुलगी घरातच राहणार, हे ज्ञान त्या पाळणाघरात होते.

दुसरे कारण गुरे. मुलगा सहा वर्षांचा झाला की मालकाची गुरे त्याच्या मागे लागतात. मोबदला म्हणजे दोन वेळची भाकरी. तो वर्गात आला तर गुरे कोण राखणार आणि भाकरी कोण देणार? तेव्हा शिक्षकच कुरणात गेले. गुरे चरत आहेत, झाडाखाली मुले बसली आहेत, फळा झाडाला टेकवलेला आहे. ही कुरणशाळा. दिवसभर राबणाऱ्या मोठ्या मुलांसाठी रात्रीचे वर्ग चालवले गेले.

तिसरे कारण भूक आणि आजार. रिकाम्या पोटी मूल बसत नाही, बसले तरी झोपते. धम्मपदाच्या अट्ठकथेत आळवीची एक गोष्ट आहे. हरवलेला बैल शोधून दमलेला एक गरीब शेतकरी भगवान बुद्धांच्या सभेत उशिरा पोचला. बुद्धांनी उपदेश थांबवला, आधी त्याला जेवू घालायला लावले, मगच धम्म सांगितला. भूक हा सर्वात मोठा रोग, ही शिकवण त्याच प्रसंगाशी जोडली जाते. कोसबाडला अक्षरांच्या आधी खाणे, स्वच्छता आणि औषध आले ते याच न्यायाने.

चौथे कारण परकेपणा. पुस्तकातले घर, पुस्तकातली आई, पुस्तकातली भाषा यातले काहीच वारली मुलाचे नव्हते. कोसबाडला शिकवण्याची साधने बाजारातून आली नाहीत. शंख-शिंपले, गोटे, बिया, पाने, फुले, माती, बांबू यांवर मुले मोजायला, जुळवायला, रंग ओळखायला शिकली. महागड्या मॉंटेसरी साधनांचा प्रश्न असा सुटला. मुलाच्या ओळखीच्या वस्तू, त्याची गाणी, त्याचे खेळ शाळेत आले, आणि आपल्या घरातलेही काही शाळेच्या लायकीचे आहे हे मुलाला कळले. ज्याला पिढ्यान्‌पिढ्या तू अडाणी आहेस एवढेच ऐकवले गेले, त्याच्यासाठी ही गोष्ट लहान नाही.

जिथे आमचे म्हणणे वेगळे आहे

ताराबाईंच्या कामाची मर्यादाही सांगितली पाहिजे. गुरे राखणारा मुलगा कुरणात शिकला हे उत्तमच, पण त्याला मालकाची गुरे राखावी का लागतात, हा प्रश्न त्यांच्या शाळेने विचारला नाही. तो प्रश्न लाल बावट्याने विचारला. अस्पृश्य वस्तीच्या अंगणात बालवाडी भरली, पण वस्ती गावाबाहेर का, हा प्रश्न बाबासाहेबांनी विचारला. सेवेने मूल सावरते, व्यवस्था मात्र संघर्षानेच हलते.

याची दुसरी बाजूही आपण ऐकली पाहिजे. व्यवस्था बदलेपर्यंत तीन वर्षांचे मूल तीन वर्षांचे राहत नाही. मोर्चाची तारीख पुढे जाऊ शकते, मुलाची वाढ थांबत नाही. आपल्या चळवळीत मोर्चे काढणारे हात पुष्कळ आहेत. अंगण झाडून मुलाची नखे काढणारे हात कमी आहेत. ते काम बायकांचे, हलके आणि चळवळीच्या दर्जाचे नाही, असा एक समज आपल्यातही आहे. ताराबाईंचे आयुष्य त्या समजाला उत्तर देते. बी.ए. झालेली, प्राचार्यपद भूषवलेली, विधानसभेत बसलेली बाई वयाच्या साठीनंतर टेकडीवरच्या बालवाडीचा विचार करत राहिली.

१९६२ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. १९७३ मध्ये त्या गेल्यावर अनुताईंनी काम पुढे नेले, १९८२ साली डहाणू तालुक्यात ग्राममंगल या संस्थेची सुरुवात झाली, १९८५ मध्ये अनुताईंना पद्मश्री मिळाली.

अंगणवाडी राहिली, अंगण गेले

ताराबाईंच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली. सुरुवातीला देशात ३३ प्रकल्प होते. आज गावोगाव अंगणवाडी आहे. सहा वर्षांखालच्या मुलांना पूरक आहार, लसीकरण, वजन, पूर्वशिक्षण हे सगळे तिच्यातून मिळावे अशी रचना आहे. हे यश मोठे आहे आणि ते तुटपुंज्या मानधनावर राबणाऱ्या सेविका आणि मदतनिसांनी टिकवले आहे.

पण ज्या वर्षी अनुताई गेल्या, त्या १९९२ मध्येच जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत कुपोषणाने मुले दगावली आणि सगळा महाराष्ट्र हादरला. कोसबाडची टेकडी आणि वावर-वांगणी तेव्हा एकाच जिल्ह्यात होती, आजही आहेत. शब्द सरकारने घेतला, योजना केली, पण मूल जिथे आहे तिथे जाण्याची सवय मात्र यंत्रणेने पुरती उचलली नाही. मूल यादीत आहे की नाही एवढेच पाहिले जाते. ते आत्ता या क्षणी कुठे आहे, हे पाहणारे कमी.

आजची परिस्थिती बघा. दिवाळी झाली की जव्हार, मोखाडा, विक्रमगड या तालुक्यांतून कुटुंबे भिवंडी, वसई, वाडा भागातल्या वीटभट्ट्यांवर निघतात. आधी उचल घेतलेली असते, ती फेडायची असते. सोबत मुले जातात. गावच्या शाळेत नाव राहते, मूल भट्टीवर विटा उलट्या-पालट्या करते. पाऊस आला की परत. वर्षातले अर्धेअधिक दिवस गेले की पुढचे पुस्तक कळत नाही, आणि एक दिवस नावही गळते. १९७६ साली वेठबिगारी कायद्याने बंद झाली. उचलीच्या साखळीत अडकलेल्या घरातल्या मुलासाठी ती किती बंद झाली, हे भट्टीवर गेल्यावर कळते.

बोईसर-तारापूरचे चित्र वेगळे, पण गाठ तीच. औद्योगिक वसाहतीत विदर्भ, मराठवाडा, खानदेशातून आणि उत्तर प्रदेश, बिहारमधून आलेली कुटुंबे आहेत. त्यात आपली बौद्ध कुटुंबेही आहेत. आईबाप दोघेही कंत्राटी कामावर. अंगणवाडी काही तासांत सुटते, कंपनीची पाळी आठ-बारा तासांची. मधल्या वेळात तान्ह्या बाळाला कोण बघते? सात-आठ वर्षांची ताई. कोसबाडला ताराबाईंनी सोडवलेली गाठ सत्तर वर्षांनी पत्र्याच्या खोलीत पुन्हा बसली आहे.

आणि आता वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांचे काय करायचे, त्या एकत्र करून समूह शाळा काढायच्या का, अशी चर्चा राज्यात काही वर्षे चालू आहे. डोंगरातल्या पाड्याची शाळा दोन-चार किलोमीटर लांब गेली, मध्ये ओढा आला, तर पहिली गळणारी मुले कोणती असतील हे सांगायला आयोग नेमावा लागत नाही. ताराबाई शाळा मुलाकडे नेत होत्या. आता मुलाला शाळेकडे ढकलण्याची भाषा होते आहे.

आपण काय करू शकतो

स्मृतिदिनाला हार घालून भागत नाही. पालघर जिल्ह्यातल्या तरुणांसमोर आम्ही काही ठोस कामे ठेवतो.

आपल्या वस्तीची यादी करा. सहा वर्षांखालची मुले किती, सहा ते चौदामधली किती, शाळेत नाव कुणाचे आहे आणि रोज जाते कोण. या दोन आकड्यांमधले अंतर हेच आपले काम. आणि ज्याचे मूल जात नाही त्याच्या घरी उपदेश करायला जाऊ नका. ते कशाने अडले आहे तेवढे विचारा.

कायदा हातात ठेवा. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार वयाचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. जुन्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला म्हणूनही नाकारता येत नाही. शाळाबाह्य मुलाला त्याच्या वयाच्या वर्गात घ्यावे लागते. स्थलांतर करणाऱ्या मुलासाठी राज्यात शिक्षण हमी पत्रक आहे. ते गाव सोडण्याआधी मुख्याध्यापकांकडून घ्यावे आणि भट्टीजवळच्या शाळेत दाखवावे. ही माहिती दिवाळीआधी पाड्यावर पोचली तर एकेक वर्ष वाचेल.

कारखान्यात ५० किंवा त्याहून अधिक कर्मचारी असतील तर पाळणाघराची सोय करण्याचे बंधन २०१७ च्या मातृत्व लाभ कायद्यातील दुरुस्तीने आले. बोईसरमध्ये कामगार संघटनांत असलेल्या आपल्या कार्यकर्त्यांनी पगारवाढीच्या मागणीपत्रात पाळणाघराची मागणी लिहावी. एका पाळणाघराने एका बाळाची आणि त्याच्या ताईची, अशी दोन मुले वाचतात.

आणि शेवटचे, विहाराचे. आपण वर्गणी काढून, घाम गाळून विहारे बांधली. रविवारी वंदना होते, जयंतीला गर्दी होते, बाकीचे दिवस अनेक ठिकाणी कुलूप असते. त्या सभागृहात सकाळी पाळणाघर आणि संध्याकाळी अभ्यासिका चालू शकते. शिकलेली एक ताई, थोडे मानधन, स्वच्छ चटया आणि गोळा केलेल्या बिया-शिंपल्यांवर सुरुवात होते. महागडी साधने लागत नाहीत, हे कोसबाडने दाखवून दिले आहे.

त्या चटईवर कोणाची मुले बसतील? आम्हाला वाटते, फक्त आपली नव्हे. शेजारच्या पाड्यावरचे वारली, कातकरी मूलही तिथे बसले पाहिजे, बिहारमधून आलेल्या मजुराचेही. गावातल्या बालवाडीचा दरवाजा उघडा असूनही आपली मुले आत येऊ शकत नव्हती, हा इतिहास ज्यांच्या पाठीशी आहे, त्यांच्या विहाराच्या दारात दुसऱ्या कुणाचे मूल बिचकून उभे राहता कामा नये. बाबासाहेबांनी १९२७ साली मोजलेली ती ८२ मुले एका जातीची नव्हती.

या ३१ ऑगस्टला आपल्या विहाराची किल्ली कुणाकडे आहे ते विचारा, आणि दुसऱ्या दिवसापासून ते दार मुलांसाठी उघडायची जबाबदारी दोघा-तिघांनी वाटून घ्या.

जय भीम. नमो बुद्धाय.